मजूर पडला असता भार कोणी वाहावा?

सुगी आटोपली म्हणजे आमच्या खेड्यांतील उपासनामंदिरे अर्धी रिकामी होतात, हे कोणाही पाळकास किंवा सुवार्तिकास सांगावयास नको. कोणी ऊसतोडीस जातो, कोणी पुण्यास अगर नाशकास इमारतींच्या कामावर जातो. बाप गवंड्याच्या हाताखाली, आईच्या डोक्यावर घमेले, आणि पोर वाळूच्या ढिगाशेजारी लुगड्याच्या झोळीत, असा तो संसार असतो. जे जातात त्यांपैकी बहुतेक पाऊस पडण्याच्या आधी परत येतात. काही येत नाहीत. परांची सुटली, स्लॅबचे सेंटरिंग खचले, लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पाय गेला, हातातली सळई विजेच्या तारेस लागली, एवढाच निरोप फोनवरून येतो, आणि मग सुवार्तिकाने त्या घरी जाऊन बसावयाचे असते.

त्या घरी दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. शेजारी म्हणतात, "त्याची वेळ भरली होती." मुकादम म्हणतो, "शेटजींची यात काही चूक नाही, तरी माणुसकी म्हणून त्यांनी एवढे पाठविले आहे." पहिल्या वाक्याने सारा भार देवावर जातो, दुसऱ्याने तो कोणावरच राहत नाही. आणि घरातली माणसे दोन्ही वाक्यांस मान हालवितात, कारण त्या घटकेस दुसरे काही सुचत नाही. ख्रिस्ती मनुष्याने ही वाक्ये निमूटपणे मान्य करावी की काय, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे आरंभीच सांगून ठेवितो.

येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चूक कोणाची, हा एक. आणि जे नुकसान झाले त्याचा भार कोणी वाहावा, हा दुसरा. आपल्या लोकांची सवय अशी की पहिल्याचे उत्तर सापडले नाही तर दुसरा प्रश्न विचारावयाचाच नाही. कोणी ढकलले नाही, कोणी दोर कापला नाही, तेव्हा कोणाकडे काही मागता येत नाही, असे मेलेल्याची आईसुद्धा म्हणते. आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्यावर अवलंबून नाही. निदान सर्वस्वी नाही.

शुभवर्तमानात इमारत कोसळल्याची एक वार्ता आहे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख प्रभूने स्वतः केला, तो लूकाच्या तेराव्या अध्यायात आहे. ती माणसे बुरुजाच्या कामावरची होती की वाटसरू होती, हे शास्त्र सांगत नाही. पिलाताने यरुशलेमेत पाण्याचा जो पाट आणविला त्याच्या कामाशी या बुरुजाचा संबंध असावा असे काही भाष्यकार म्हणतात, पण तो तर्कच होय. लोकांची समजूत मात्र स्पष्ट होती, की ज्यांच्यावर बुरूज पडला ते इतरांपेक्षा अधिक पापी असले पाहिजेत. ही समजूत प्रभूने साफ नाकारिली. येथवरचा अर्थ आमचे उपदेशक नेहमी सांगतात. परंतु प्रभू तेथे थांबला नाही. मेलेल्यांच्या पापाची चौकशी बंद करून त्याने जिवंतांकडे तोंड वळविले आणि पश्चात्ताप त्यांच्यापाशी मागितला. जे बुरुजाखाली सापडले त्यांचे वर्तन तपासावयाचे नाही, जे बाजूस उभे राहिले त्यांनी आपले तपासावयाचे, असा बोध आम्ही यातून घेतो. "त्याची वेळ भरली होती" असे म्हणणारा शेजारी नेमके याच्या उलट करीत असतो.

बाजूस उभ्या असलेल्यांत पहिला मनुष्य म्हणजे ज्याची ती इमारत तो. त्याजविषयी मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. तो अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, पाखराच्या घरट्याविषयीच्या नियमानंतर लागलाच येतो, म्हणून वाचताना नजरेतून सुटतो. नवे घर बांधणाराने धाब्यास कठडा करावा. न केला आणि कोणी वरून पडला, तर रक्ताचा दोष त्या घरावर येतो. हा नियम कोणास सांगितला आहे ते पाहावे. गवंड्यास नव्हे, सुतारास नव्हे. ज्याचे घर त्यास. आणि पडणारा कोण असावा याविषयी नियमात काही अट नाही. घरचा असो, पाहुणा असो, चाकर असो, पडणारा तो पडणाराच.

याच्याशी बाबेलच्या हम्मुराबी राजाचे नियम ताडून पाहण्याजोगे आहेत. ते ख्रिस्तापूर्वी सुमारे १७५० या काळातले. बांधणाराने कच्चे काम केल्यामुळे घर पडून मालक मेला तर बांधणारास जिवे मारावे. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाराचा मुलगा मारावा. मालकाचा गुलाम मेला तर गुलामाबद्दल गुलाम द्यावा. कायदा कडक खरा, पण त्याची दृष्टी एकाच बाजूस आहे. घर ज्याचे त्याचे रक्षण झाले पाहिजे, एवढेच तो जाणतो. घर उभे करताना जो वरून पडतो त्याच्याविषयी त्या कलमांत एक अक्षर नाही. इस्राएलाच्या नियमात मात्र बोट घरधन्याकडे वळते.

येथे धन्याची बाजू घेणारा मनुष्य म्हणेल की, कठडा न करणे ही चूकच झाली. तेव्हा तुमचा नियमही चुकीबद्दलच आहे, चूक नसता भार वाहण्याबद्दल नव्हे. हे म्हणणे खोटे नाही. किंबहुना निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील बैलाचा नियम त्यास अधिकच अनुकूल आहे. बैलाने पहिल्यानेच मनुष्यास शिंगाने भोसकून मारिले तर बैलास धोंडमार करावी आणि धन्यास निर्दोष ठरवावे. बैल मारका असल्याची वर्दी धन्यास आधी मिळाली असून त्याने त्यास आवरिले नाही, तरच धनी दोषी. या नियमास बगल देणे आम्हास योग्य वाटत नाही. आमचे उत्तर एवढेच आहे की, परांची हा काही नवा बैल नव्हे. बांबूची बांधणी सुटते, ओल्या स्लॅबखालचे टेकू सरकतात, मातीचा खोदलेला चर ढासळतो, हे न जाणणारा एकही बांधकामवाला या देशात नाही. ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांमधील रात्री ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळया बसविण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे ठार झाली. ती वार्ता देशभर गेली. ज्या दिवशी गल्लीतल्या दुमजली घरावरून एकच बिगारी पडतो त्या दिवशी ती तालुक्याच्या पत्रातही येत नाही. पण ठेकेदारांच्या कानी ती जातेच. वर्दी मिळाली नव्हती असे म्हणण्यास या धंद्यात जागा नाही.

तथापि कामच असे असते की सर्व काळजी घेऊनही कधी ना कधी कोणी पडतोच. कठडा होता, पट्टा होता, दोर नवा होता, आणि तरीही मनुष्य पडला. अशा वेळी काय? आमच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे, आणि येथे आम्हास दावीद राजाची एक गोष्ट आठवते. तो गडावर असता बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी कोणी पाजील तर बरे, असे त्याच्या तोंडून सहज निघाले. तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसून ते पाणी घेऊन आले. दाविदाने त्यांस आज्ञा केली नव्हती. त्यांस इजाही झाली नाही. चूक म्हणावी असे तेथे काही नव्हते. तरी त्याने ते पाणी तोंडास लाविले नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकिले, कारण ज्यांनी ते आणिले त्यांच्या जिवाचे मोल त्यात होते. दाविदास जे कळले ते हे की, तहान आपली होती आणि जिवाची जोखीम दुसऱ्याची. जो दुसऱ्याच्या जोखमीतून आपला लाभ घेतो त्याने ती जोखीम आपल्या हिशेबात धरिली पाहिजे. मग त्याने चूक केली असो वा नसो.

न्यायालयांस हे कळावयास फार वेळ लागला. इंग्लंडात १८३७ साली प्रीस्टली नावाच्या नोकराचा दावा निघाला. तो एका खाटकाकडे चाकरीस होता; माल लादलेली गाडी मोडून त्याच्या मांडीचे हाड मोडले. पंचांनी त्यास शंभर पौंड देवविले, पण वरच्या न्यायाधीशाने ते रद्द केले. कारणे अशी की, एकास दिले तर सर्वांस द्यावे लागेल. आणि शिवाय, काम धोक्याचे दिसले तर नोकर ते नाकारू शकत होता. पुढे पुष्कळ वर्षे हीच भिंत जखमी मजुराच्या आड उभी राहिली. ज्याने दिवाळीपूर्वी मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती बहिणीच्या लग्नात खर्चिली आहे, आणि आता अकराव्या मजल्यावर उभा आहे, तो काम नाकारू शकतो असे म्हणणाराने एकदा त्या मजल्यावर जाऊन पाहावे.

आपल्या प्रांतात त्याच सुमारास काय चालले होते? १८५६ पासून १८६३ पर्यंत बोरघाटातून आगगाडीचा रस्ता चढविण्याचे काम झाले. एका काळी चाळीस हजारांवर मजूर त्या डोंगरावर होते. सुरुंगांनी, कडे कोसळून, आणि त्याहून अधिक पटकीने, त्यांपैकी हजारो मेले. आजही त्या घाटातून गाडी जाताना आम्ही खिडकीतून बोगद्यांचे दगड पाहतो. दगड नीट बसलेले आहेत. मेलेल्यांच्या घरी कोणी काही पोहोचविणे लागत होता, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नाही.

इंग्लंडात १८९७ साली कायदा बदलला. धन्याची चूक सिद्ध झाली नाही तरी कामावर झालेल्या इजेची भरपाई त्याने द्यावी, असे ठरले. परंतु मनुष्याचे मन मोठे होता होता कसे अडखळते पाहा: इमारतीच्या कामास हा कायदा लागू व्हावयाचा तर इमारत तीस फुटांहून उंच असावी लागे. अठ्ठावीस फुटांच्या घरावरून पडून कंबर मोडलेल्या गवंड्यास तो कायदा नव्हता. ही गंमत नव्हे. धोका मोठ्याच्या घरीच असतो असे समजण्याची खोड तेथेही होती आणि आमच्याकडेही आहे. आपल्या देशात असा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बोलावयास ना. म. जोशी होते, हे महाराष्ट्रीयांनी स्मरणात ठेवण्यासारखे आहे. तोच कायदा पुढे अनेकदा दुरुस्त होऊन २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

या कायद्याचे हाड एकच आहे. इजा कामामुळे व कामावर असता झाली की नाही, एवढे तो विचारतो. धन्याने काय चुकविले, हे विचारीत नाही. मजूर दारू प्यालेला होता, अगर त्याने सुरक्षिततेचे साधन जाणूनबुजून काढून टाकिले होते, ही सबब धन्यास किरकोळ इजेत सांगता येते. परंतु मृत्यू झाला अगर मनुष्य कायमचा पुरता निकामी झाला, तर ही सबबही चालत नाही. आमच्या काही सोवळ्या बंधूंस हे पटणार नाही. ते विचारतील, दारूबाजाच्या बायकोस पैसे का द्यावे? आम्ही विचारतो, दारू कोण प्याला आणि उपाशी कोण राहणार? कायद्याने येथे आमच्यापेक्षा अधिक दया दाखविली आहे, हे कबूल केले पाहिजे.

रक्कमही अदमासाने ठरत नाही. मासिक मजुरीचा निम्मा भाग घेऊन, वयाप्रमाणे कोष्टकात जो आकडा दिला आहे त्याने त्यास गुणावयाचे. तीस वर्षांच्या मनुष्यासाठी हा आकडा २०७.९८ आहे. महिना १२,००० रुपये मिळविणारा तीस वर्षांचा बिगारी मेला, तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये त्याच्या माणसांचे देणे होते. तो जगला पण पुरता निकामी झाला तर निम्म्याच्या ऐवजी शेकडा साठ धरितात, आणि रक्कम १४,९७,४५६ होते. थोडे दिवस अंथरुणास खिळला तर तेवढ्या मुदतीची निम्मी मजुरी, आणि इलाजाचा खर्च वेगळा. दुखापत करणाराने जखमी मनुष्याच्या बुडलेल्या दिवसांचे भरून द्यावे व त्यास पुरता बरा करवावा, असे मोशेनेही सांगितले आहे. तो नियम मारामारीचा होता, हा कामाचा आहे. आता मुकादमाने "माणुसकी म्हणून" आणलेले तीस अगर पन्नास हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहावे.

येथे एक खरी अडचण उभी राहते, आणि ती आम्हास मोठ्या बिल्डरांपेक्षा अधिक सतावते. आमच्याच मंडळ्यांतील काही जण बिगाऱ्याचे गवंडी झाले, आणि गवंड्याचे छोटे ठेकेदार झाले. चार माणसे हाताखाली, एक जुनी मोटारसायकल, बाकी सारे उधारीवर. अशाच्या कामावर मजूर पडला तर बारा लाख तो आणील कोठून? एका घरचे दुःख निवारिताना दुसरे घर बुडवावयाचे, हा न्याय झाला काय?

आमचे उत्तर असे की, बारा लाख एका दिवशी खिशातून काढावयाचे नसतातच. ते घराच्या किमतीतून आधीच काढावयाचे असतात. बुरूज बांधू इच्छिणाराने प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूने दृष्टांतात सांगितले. आम्ही हिशेबात सिमेंट धरितो, सळई धरितो, पाण्याचा टँकर धरितो. मनुष्य पडण्याचा खर्च मात्र धरीत नाही, आणि म्हणून घर स्वस्त पडते. तो स्वस्तपणा हवेतून येत नसतो, कोणा विधवेच्या चुलीतून येत असतो. मजुरांच्या भरपाईचा विमा ठेकेदारास उतरविता येतो. त्याचा हप्ता घराच्या एकंदर खर्चापुढे अगदी अल्प असतो. तो हप्ता ठेकेदाराने दरात मिळवावा आणि घरमालकाने कुरकुर न करिता द्यावा. म्हणजे भार शेवटी ज्याचे घर त्यावर थोडाथोडा बसतो, आणि कोणाचेही घर बुडत नाही. जो घरमालक सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास काम देतो आणि तो दर कमी कसा झाला हे विचारीत नाही, त्याने आपल्या धाब्याचा कठडा विकून पैसे वाचविले असे आम्ही समजतो.

चूक नसता भार का वाहावा, असे विचारणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. तुझे स्वतःचे तारण कशावर उभे आहे? ज्याने काही चूक केली नव्हती त्याने तुझा भार वाहिला, हेच ना? मग चूक नसलेल्यावर भार येणे म्हणजे अन्याय, हे तत्त्व तू कोणत्या तोंडाने सांगतोस? येथे फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. ठेकेदाराचा विमा आणि प्रभूचा वधस्तंभ यांची बरोबरी कोणी करू नये. परंतु दोषी असणे आणि उत्तरदायी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तरी ज्याने शुभवर्तमान ऐकिले आहे त्यास नवे वाटू नये.

आता जे सांगावयाचे ते काही बंधूंस टोचेल. आमच्या मंडळ्याही घरे बांधितात. उपासनामंदिर, पाळकाचा बंगला, वसतिगृहाची भिंत, स्मशानभूमीचे आवार. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत मंदिराच्या मनोऱ्यास गिलावा चालू असता एक बिगारी पडला व तिसऱ्या दिवशी मेला. तो आपल्या लोकांपैकी नव्हता. पंचमंडळ बसले. काम ठेक्याने दिले होते, तेव्हा जबाबदारी ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, मजूर मुकादमाचा. मुकादम गावी निघून गेला होता. शेवटी रविवारी खास अर्पण घेण्यात आले, बरीच रक्कम जमली, दोन वडील ती घेऊन त्याच्या आईकडे गेले, आणि म्हातारीने त्यांच्या पायांस हात लाविला. मंडळीच्या अहवालात हे कृत्य दयेच्या सदराखाली लिहिले गेले.

त्या वडिलांच्या मनात वाईट नव्हते, आणि देणारांनी पोटास चिमटा घेऊन दिले, यात संशय नाही. पण सदर चुकले होते. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर, जो आपल्या धंद्याचेच काम ठेक्याने देतो त्या मूळ मालकास भरपाई द्यावी लागते व मग ती ठेकेदाराकडून वसूल करिता येते. मंडळीचा धंदा इमारती बांधण्याचा नसल्यामुळे, ठेका दिल्यावर कायद्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. म्हणून पंचांनी सुटकेचा श्वास टाकिला असेल. परंतु कठड्याचा नियम ठेकेदाराचे नाव विचारीत नाही. तो विचारतो, घर कोणाचे? आणि मंदिराच्या दारावरच लिहिलेले असते की हे घर कोणाचे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो त्याचा आशय असा की, काम करणाऱ्यास जे मिळते ते कृपेचे नव्हे, देण्याचे असते. आम्ही हे वचन तारणाच्या शिकवणीत शेकडो वेळा सांगतो, आणि त्यातला अर्धा भाग विसरतो. देवाकडून कृपा घ्यावी, हे खरे. पण मजुरास त्याचे देणे कृपा म्हणून देणे ही चोरीच होय, मग ती कितीही गोड शब्दांत असो. मोठा अपघात झाला म्हणजे सरकारातून "सानुग्रह" रक्कम जाहीर होते. त्या शब्दातच अनुग्रह आहे. ती रक्कम कोणी नाकारू नये. परंतु तिच्यामुळे धन्याचे देणे फिटत नाही, आणि ज्याच्या घरी देणे पोहोचवावयाचे तेथे दान देऊन आलो म्हणजे काम झाले असेही नाही. म्हातारीने पायांस हात लाविला, त्याऐवजी तिने पैसे मोजून घेऊन पावती दिली असती, तर ते अधिक बरे झाले असते.

ज्या मंडळ्या यंदा बांधकाम काढणार आहेत त्यांच्या पंचांनी ठेक्याच्या कागदात मजुरांच्या विम्याचे कलम घालावे, विम्याचा कागद स्वतः डोळ्यांनी पाहावा, आणि तो दाखविल्यावाचून पहिला हप्ता देऊ नये. इतके झाले तरी पुष्कळ झाले.

सुवार्तिकांसाठी थोडे अधिक लिहितो, कारण दुःखाच्या घरी पहिल्याने तेच पोहोचतात. मुकादम पैसे व कोरा कागद घेऊन आला तर घरच्यांचा अंगठा उमटू देऊ नका. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे, हे खरे; परंतु अंगठा एकदा उमटला की माणसाचे मन खचते आणि तो पुढे जात नाही. मृत्यूची भरपाई धन्याने परस्पर घरी देऊन चालत नाही, ती त्या कामी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरिली जात नाही. देणे महिन्याभरात दिले नाही तर त्यावर शेकडा बारा व्याज चढते. अपघात मुंबईस झाला तरी दावा मुंबईसच लावावा लागतो असे नाही. विधवा जेथे राहते त्या भागातील अधिकाऱ्याकडे तो लाविता येतो. ज्यांचा कामगार राज्य विमा चालू आहे त्यांची वाट वेगळी असून त्यांनी त्या कचेरीत जावे. इमारत कामगारांच्या कल्याण मंडळात नाव नोंदविलेले असेल, तर त्याचेही साहाय्य मागावे. वर्षात नव्वद दिवस या कामावर भरले असतील त्या प्रत्येकाने हे नाव जिवंतपणीच नोंदवून ठेवावे, कारण मेल्यावर ते नोंदविता येत नाही.

आणि घरी गेल्यावर, प्रार्थना झाल्यानंतर, वहीत लिहून घ्या: कामाची जागा, ठेकेदाराचे व मुकादमाचे नाव, फोनचा आकडा, अपघाताचा दिवस व वेळ, सोबत काम करणारे दोघे तिघे, रोजची मजुरी किती व ती कोण देत असे, इस्पितळाचे नाव. पोलिसांच्या पंचनाम्याची व शवचिकित्सेच्या कागदाची नक्कल मागून घ्या. सोबतचे कामगार आठवड्याभरात दुसऱ्या साइटवर पांगतात, मग त्यांस शोधणे कठीण जाते. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत गेला पाहिजे.